उंटिणीचं डांबर

"या दरीत काही नाही. उद्या तंबू उठवायचे, आणि परत इकडे फिरकायचं नाही," डॉक्टर याकूब म्हणाले आणि रिकामा कप हलवून त्यांनी कॉफी पुरे अशी खूण केली.

बखीतची किटली हातातच राहिली. बायको गेली, मुलं मस्कतला गेली. तेव्हापासून हुक्फच्या या माळावर माणसाचा आवाज यायचा तो हिवाळ्यात, या तेल शोधणाऱ्यांचे तंबू पडले की. एरवी नुसता वारा.

"काका, हात एवढे काळे कशाने?" डॉक्टरांनी विचारलं. भूगर्भशास्त्राचे हे डॉक्टर तुकडीचे प्रमुख म्हणून यंदा पहिल्यांदाच आले होते.

"उंटिणीला डांबर. खरूज झालीय."

"म्हातारीचे फार लाड दिसतात!"

"बोलायला तीच आहे, बाबा. तुमच्यासारखी उठून जात नाही."

डॉक्टर हसले. दगडांची पारख करणारा हमूद मात्र कपात बघत राहिला. तो दर हिवाळ्यात यायचा, बखीतच्या ताटात जेवायचा.

"एक कडा राहिलाय," बखीत हळूच म्हणाला. "काळा डाग दिसला परवा. जायच्या आधी बघा तरी."

कड्याच्या भेगेतून खरंच काळा ओघळ आला होता. केव्हातरी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाचा तो चुनखडक. हमूदने हातोडीने टवका काढला, वर आम्लाचा थेंब सोडला. दगड फसफसला. काळं होतं तसंच राहिलं. मग त्याने टवका नाकाशी नेला आणि बराच वेळ धरून ठेवला.

बखीत मनात अल्लाचं नाव घेत होता.

"काय रे, तेल पाझरलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

हमूदने एकवार बखीतकडे पाहिलं. "पाझरलंय, डॉक्टर. पुढच्या हिवाळ्यात नीट बघावं लागेल."

"मग येऊ की! तुझं नाक कुठे चुकतं?"

सकाळी तंबू उठले. डॉक्टरांची गाडी पुढे गेल्यावर हमूदने आपल्या जीपमधून एक गच्च भरलेला डबा काढला आणि बखीतच्या हातात दिला.

"डांबर आहे, काका. येतानाच सिनावच्या बाजारातून घेतलं. याला वास कमी येतो."

जीपची धूळ खाली बसली, तसा बखीत डबा घेऊन रिकाम्या कुंपणाशी आला. उंटीण मेली त्याला तीन हिवाळे झाले होते. तिच्यावर दगड रचायला हमूदच त्याच्या जोडीला होता.