शेवटच्या अंकातली प्रेतं

"तुझ्या पोटावर पडतोय, श्वास धर," तलवार टाकता टाकता भार्गवराव कुजबुजले. मी आधीच मरून पडलो होतो.

त्या इंग्रज नाटककाराला शेवटी सगळ्यांना मारायची भारी हौस. त्याच्या ह्या नाटकात आम्ही बावीस वर्षं मरतोय, मराठीतून. गुडघे गेल्यापासून भार्गवराव रंगमंचाच्या फळ्यांऐवजी माझ्या ढेरीवर मरतात आणि मी दरवेळी त्यांच्या कानात काहीतरी वात्रट बोलतो. ते कधीच हसले नाहीत.

आज त्यांचा शेवटचा प्रयोग. झकास मेले. मी म्हटलं, "राजे, वजन वाढलंय."

"गाढवा, गुडघा अडकलाय. उठता येत नाही. लोकांसमोर मला उचलू नका रे."

पडदा पडला आणि नमस्कारासाठी लगेच वर गेला. बाकीची सगळी प्रेतं उठून उभी राहिली. मी भार्गवरावांना घट्ट मिठी मारली आणि मोठ्यांदा घोरायला लागलो.

"मेल्यावरही ह्याचा चावटपणा जात नाही!" पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं. थिएटर हसून लोटपोट. माझी ढेरी गदगदा हलायला लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच भार्गवराव हसत होते.

पडदा परत पडला. बाकीचे उचलायला धावले.

"थांबा रे जरा," ते म्हणाले, "फार दमलोय."