सरांचा कान

"गप्प बसा सगळे! हाड काय सांगतंय ते ऐकू द्या!" डॉक्टर मुंजी खेकसले. स्फाक्स शहरातल्या त्या हॉस्पिटलात त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची हिंमत नव्हती. कृत्रिम खुबा पक्का बसायचा तर आधी मांडीचं हाड आतून कानशीनं कोरावं लागतं. कानस ठोकताना ती सैल असते तोवर आवाज बोदा येतो; घट्ट बसून आवाज बदलला की थांबायचं, नाहीतर हाड चिरतं, हे त्यांनीच आम्हा शिकाऊ डॉक्टरांना शिकवलेलं.

आवाज बदलला. सरांचा हातोडा थांबेना.

"सर, बस!" मी दोनदा म्हणाले, मग किंचाळले.

"ओरडतेस काय? मी बहिरा आहे का?"

पुढच्याच घावाला टेबलावरच्या वसीला आजींचं हाड कडकन तडकलं. पार दाराशी उभी असलेली नर्सही दचकली.

"अजून सैल वाजतंय," म्हणत सरांनी हातोडा पुन्हा उचलला.