वरवरच्या जखमेचा चौथा कागद

चौथा कागदही तसाच आला, तेव्हा मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. तेच नाव, तीच डावी बाजू, बेंबीच्या खाली. 'पोटाच्या भिंतीवर वरवरची कापलेली जखम; आत पोचलेली नाही; धुऊन चिकटपट्ट्या लावल्या; कारण, सुरी निसटली.' आणि शेवटी, जणू त्यांना खिजवण्यासाठीच, 'नवी' या शब्दाखाली दोन रेघा.

रुग्णालयाच्या नोंदविभागात त्यांची एकतीस वर्षे गेली होती. डॉक्टरांचे गिचमिड अक्षर लावायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक जखमेला तिचा ठरलेला सांकेतिक क्रमांक द्यायचा, हे त्यांचे काम. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. एकही चुकीचा क्रमांक मागे ठेवायचा नाही, एवढा एकच हट्ट आता उरला होता. पाय सुजत, मान धरे; हट्ट तेवढा ताठ होता.

नव्या जखमेचा क्रमांक वेगळा, त्याच जखमेसाठी पुन्हा आलेल्याचा वेगळा. तरुण डॉक्टरांना हे सांगून सांगून त्यांच्या जिभेला घट्टे पडले होते. बाई बिचारी दर दहा-बारा दिवसांनी पट्टी बदलायला येणार, आणि हे महाशय दर खेपेला 'नवी' लिहून मोकळे. दुसरा आणि तिसरा, असे मागचे दोन्ही कागद मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून 'पुढची भेट' केले होते.

"तीन नव्या झाल्या की चौकशीचं पत्र आपोआप निघतं," त्यांनी शेजारच्या कारकुनाला सुनावले. "ह्यांच्या आळसापायी कुणाच्या नांदत्या घरात माणसं धाडायची का?"

कारकून म्हणाला, जाऊ द्या हो, चारच दिवस राहिले. चारच राहिले म्हणून तर, असे म्हणत त्या कागद घेऊन उठल्या.

लिफ्ट बंद होती. तीन जिने त्या कठड्याला धरून उतरल्या. दर वळणावर थांबून दम घेत आणि डॉक्टरांना काय सुनवायचे त्याची उजळणी करीत.

मलमपट्टीच्या खोलीत डॉक्टर एकटेच होते. सलग दुसरी पाळी असावी. डोळे पार ओढले होते. पलंगावर तीच कागदातली बाई उताणी पडली होती, मोठ्या बाईंच्या धाकट्या सुनेच्या वयाची. त्यांनी कागद पुढे धरला आणि एकच जखम चार वेळा नवी कशी होते, ते जरा समजावून सांगा, असे अगदी शांतपणे म्हटले. गुरुजनांनी शिकवले नसेल तर मी खुर्ची घेऊन बसते, अशी पुस्तीही जोडली.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. बाईला विचारून त्यांनी चादर थोडी खाली सारली.

एकीखाली एक, आखून काढाव्यात तशा चार रेघा होत्या. वरच्या तीन मिटलेल्या. चौथी चिकटपट्ट्यांखाली अजून ओली.

मोठ्या बाईंनी पलंगाची दांडी धरली.

पडलेल्या बाईने मान वळवून त्यांच्याकडे, मग त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिले.

"तुम्ही चौकशीच्या बाई का?" तिने विचारले. "तिसऱ्या खेपेनंतर घरी कुणीतरी येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी रोज दाराची कडी काढून ठेवत होते."