बिनकुलपाची डीपी

"इथनं हलू नको. कुनी काय बी बोलू दे," एवढं म्हणून हनुमंतने शिडी खांद्यावर टाकली आणि तो वळणावरच्या खांबाकडे निघाला.

रेश्मा वस्तीला वीज पुरवणाऱ्या डीपीच्या उघड्या पेटीपुढे उभी राहिली. खटका खाली पाडलेला होता, म्हणजे वस्तीची लाइन बंद. कुणी तो वर ढकलला की लाइन चालू. तिने त्याचा दांडा मुठीत घट्ट धरला. नवऱ्याचा जीवच तिच्या मुठीत होता म्हणा ना.

पेटीला कुलूप नव्हतं. शिंगणापूरशेजारची ही वस्ती. जिथे घरांना दारं नाहीत, तिथे डीपीला कुलूप कोण लावू देणार? हनुमंत कंत्राटावर लाइनची कामं करायचा. त्याने एकदा लावून पाहिलं होतं, तर दुसऱ्या दिवशी म्हातारी मंडळी त्याच्या ओट्यावर हजर. "देवाच्या राखनीवर भरवसा न्हाई व्हय रं तुजा?" कुलूप मुकाट्याने निघालं.

देव चोरापासून राखतो, हे रेश्माला मान्य होतं. पण घाईला आलेल्या भल्या माणसापासून कोण राखणार? गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात अशाच एका भल्या माणसाने, विहिरीवरची मोटार का बंद पडली म्हणून, वायरमन खांबावर असतानाच खटका वर केला होता. तारेला चिकटलेला तो वायरमन रेश्माने डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून हनुमंत शिडी घेऊन निघाला की तीही डीपीवर पहाऱ्याला यायची.

त्यात आज शनी अमावास्या. देवदर्शनाला येणाऱ्या निम्म्या गाड्या हल्ली विजेवरच्या असतात, आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक पार्किंगवाल्याने चार्जिंगची पाटी लावलेली. डीपी तीच जुनी, तारा त्याच जुन्या. एका गाईला गोठ्यातली सगळी वासरं लुचावीत, तशा गाड्या सकाळपासून लागल्या होत्या. दिवस कलला आणि वळणावरच्या खांबावर तार जळून तुटली. ती जोडायला म्हणून हनुमंतने खटका पाडला, तशी सगळी वस्ती अंधारात गेली.

लोक येऊन विचारून जात होते. रेश्मा प्रत्येकाला हात जोडून परत धाडत होती, एकच हात, कारण दुसरा खटक्यावर होता. मग कारभारी आला. नात्याने तिचा चुलत सासरा, आणि वस्तीतलं सगळ्यात मोठं पार्किंग त्याचंच.

"रेश्मा, जरा चालू कर की. गिऱ्हाइकं खोळंबल्यात."

"ह्ये खांबावर हायेत, मामा."

"आजून चढतोच हाय त्यो. तवर वाईच..."

त्याचा हात पेटीकडे गेला मात्र, रेश्मा अशी किंचाळली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. कारभारी दोन पावलं मागे सरकला.

"आगं, मी काय वैरी हाय का तुजा?" तो खाली मान घालून म्हणाला. "तुज्याच घरावरनं आलो. वयनीचं मशीन बंद पडलंय. लई धाप लागलीय तिला. वट काळं पडायला लागल्यात."

रेश्माची सासू गोजरबाई वर्षभर ऑक्सिजनच्या मशीनवरच होती. जन्मभराच्या चुलीच्या धुराने छातीचं पार चिपाड केलं होतं. रेश्माने समोर पाहिलं. ओळीतलं पहिलंच घर तिचं. दार नसल्यामुळे इथूनही आतली खाट ओळखू येत होती, पण खाटेवरची आत्याबाई काही दिसत नव्हती.

इकडे नवरा, तिकडे त्याची आई. खटका वर करावा तर हा जातो, न करावा तर ती जाते. हनुमंतला हाक मारावी, तर रस्त्यावरच्या हॉर्नच्या गोंगाटात ती पोचणार कशी? तिला रडू कोसळलं.

आणि रडता रडताच तिला सकाळचं आठवलं.

"मामा, तुमच्या पार्किंगात ती पुन्याची पावनी गाडीतनं करंट घिऊन चा करीत हुती न्हवं?"

"व्हय की. भाईर करंट देती ती गाडी."

"मग ती न्या माज्या घरी. पाया पडते तुमच्या."

"नेतो. पर वायर पुरंल का? मशीन तर पार आतल्या भितीला हाय."

"न्हाई पुरली तर वट्यावरच्या बोर्डात खुपसा. कसं बी करा, पन घरात करंट आना!"

कारभारी पळत सुटला. माणूस लोभी असेल, पण अडीनडीला धावणारा.

गाडी अंगणात शिरलेली रेश्माला दिसली. ओट्यावरच्या बोर्डापाशी कारभारी गुडघ्यावर बसला, वायरीशी खटपट करू लागला. रेश्मा श्वास रोखून बघत होती. एकदम घरात लख्ख उजेड पडला. पंखा फिरायला लागला. कारभारीने मशीनची नळी आत्याबाईच्या नाकाला लावली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खाटेवरचा तो काटकुळा हात वर झाला आणि जरासा हलला.

"शनिराया, पावलास रं बाबा," रेश्मा हुंदका देत म्हणाली. दोघांपैकी एकाला निवडायची वेळ देवाने तिच्यावर आणली नव्हती. आता भीती नव्हती.

तिने डोळे पुसले आणि वळणाकडे पाहिलं. हनुमंत खांबाच्या टोकाला पोचला होता. वस्तीकडे पाठ करून त्याने पक्कड कमरेला खोचली आणि तुटलेल्या तारेकडे हात लांब केला.

आणि तेव्हाच तिला शेजारच्या घरातला दिवा दिसला. त्याच्या पलीकडच्या घरातलाही. ओट्यावरच्या बोर्डातून गाडीचा करंट उलटा बाहेरच्या तारेवर चढला होता. थेट हनुमंतच्या खांबापर्यंत ओळीतलं एकेक घर उजळलेलं होतं, आणि खटका तिच्या मुठीत अजून खालीच होता.