सहावा धडा

परदेशी वाढलेल्या नातीला मराठी येत नाही, म्हणून निवृत्त हेडमास्तरांनी तिची भाषा शिकायला घेतली. कॉम्प्युटर एक वाक्य दाखवायचा. ते आधी मराठीत म्हणायचं, मग त्या भाषेत, असं पन्नास वेळा. पाच धडे त्यांनी पाच दिवसांत उरकले, सहाव्याला मात्र गाडं अडलं. रोज सकाळी ते शाळेतला खडा आवाज लावून “माझं चुकलं, तुझंच बरोबर होतं” पन्नास वेळा घोकायचे आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा तेच वाक्य समोर ठेवायचा.

“हे डबडं बहिरं आहे!” हेडमास्तर करवादले. “माझं चुकेलच कसं?”

“तुमचं कधी चुकलंय?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “चाळीस वर्षं बघतेय ना मी. आवाज जरा दबका येतोय, एवढंच. उद्या आणखी मोठ्यानं म्हणा.”

संध्याकाळी ते फिरायला गेले आणि लेकीचा फोन आला. “आई, पुढच्या महिन्यात येतोय आम्ही. बाबा कुठवर आलेत?”

“सहाव्या धड्यावर.”

“अजून? तीन आठवडे झाले की गं!”

“होऊ दे पक्का. महत्त्वाचा धडा आहे तो.”

फोन ठेवून तिनं ओले हात पुसले, चष्मा चढवला आणि रोजच्यासारखं कॉम्प्युटरवरचं बटण दाबलं : ‘हा धडा पुन्हा पहिल्यापासून.’