हिरवा पट्टा

बालसंरक्षणाच्या हेमलताताईंनी रेणूची बाही वर केली, तर दंडावर चटक्यांचे ताजे डाग होते. मनगटावरचा पट्टा मात्र हिरवाच. पट्टा मुलांची भीती ओळखायचा आणि घरातल्या कोणाच्या भीतीनं तो लाल झाल्याशिवाय बालसंरक्षणाच्या माणसांना मूल घरातून नेता येत नसे.

"कोणी भाजलं गं?"

"बाबांनी," रेणू सहज म्हणाली.

"पोरांचं बोलणं आता चालत नाही, मॅडम," बाप म्हणाला. "पट्टा बघा. घाबरलीय का ती?"

रोजचं जे असेल ते पट्टा सुरक्षित धरायचा, आणि बाप तर रोजचाच होता.

हेमलताताईंनी तिच्या केसांवरून मायेनं हात फिरवला. रेणूचं अंग ताठरलं. असं तिला कधी कोणी कुरवाळलंच नव्हतं. पट्टा लाल झाला.

"बाई, मुलीपासून दूर व्हा," पट्टा बोलला.

बापानं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.