आपण माणूस आहात का?

खराडीच्या ऑफिसात लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीच्या नव्या आवृत्तीत आधी काय करायचं, यावर वापरणाऱ्यांचं ऑनलाइन मतदान चालू होतं. ब्लूटूथ, बॅटरी असल्या नेहमीच्या मागण्यांना मागे टाकून एक भलतीच मागणी वर चढत होती: कॉम्प्युटर सुरू होताच मराठीत बोलायला हवा.

"बोलून काय करणार? या, बसा, चहा घेणार का, विचारणार?" टीम लीड अभिनव म्हणाला.

टीममधल्या सृष्टीने तपासलं, तर ती सगळी मतं मांजरी गावातल्या एकाच इंटरनेट कनेक्शनवरून येत होती. प्रोफाइलवर एकाचाही फोटो नव्हता.

"बघ, कोणीतरी एकटाच बसून प्रोग्रॅमने मतं टाकतोय," अभिनव म्हणाला. "'आपण माणूस आहात का' विचारणारी ती चित्रांची परीक्षा लाव. ज्याला चौकोनांतले सिग्नल ओळखता येतील, त्याचंच मत धरायचं. आधीची मतंही पुन्हा द्यायला लाव."

परीक्षा लागली आणि मांजरीची मतं तिथेच थांबली.

"पकडला की नाही?" अभिनवने ती मागणी यादीतून उडवली आणि खुशीत सगळ्यांना चहा सांगितला.

संध्याकाळी मतदानाच्या पानावरच्या नंबरवर एका मुलीचा फोन आला.

 

"सर, मांजरीच्या अंध मुलींच्या वसतिगृहातून बोलतेय. ते सिग्नल कुठल्या चौकोनांत आहेत, जरा सांगता का? आम्हाला सगळ्यांना मत द्यायचंय."